ओव्हाळ मॅडमचं बाविसावं कलम

पुण्यात हेल्मेट घातलेल्या माणसाकडे लोक वळून बघायचे, त्या काळात ओव्हाळ मॅडम वारज्याहून रोज मोपेडवर हेल्मेट घालून कॉलेजला यायच्या. फाटकापाशी उभी असलेली पोरं म्हणायची, "अंतराळवीर आले." मॅडमना हे ठाऊक होतं. एकदा मशीन डिझाइनच्या तासाला त्यांनी ते हेल्मेट टेबलावर ठेवलं, त्याच्या कवचाची जाडी मोजायला लावली आणि डोकं रस्त्यावर किती वेगानं आपटलं तर ते टिकेल, याचं गणित अख्ख्या वर्गाकडून करून घेतलं. तास संपल्यावर म्हणाल्या, "आता ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं. उत्तर वहीत लिहिलेलं आहे."

प्रा. कुंदा ओव्हाळ. बुटक्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चालणं इतकं भरभर की बरोबर चालणाऱ्याला बोलता यायचं नाही. उत्तरपत्रिका त्या पेन्सिलीनं तपासायच्या. सगळी तपासून झाली की दोन दिवस बाजूला ठेवायच्या, पुन्हा वाचायच्या आणि मगच गुण पेनानं लिहायच्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पेनानं लिहिलं की माणूस त्या आकड्याची बाजू घ्यायला लागतो."

मी तेव्हा संगणक विभागात नवाच लागलो होतो. बाजार खुला होऊन थोडी वर्षं झाली होती, हिंजवडीकडच्या माळावर काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि प्रत्येक आईबापाला मुलगा संगणकातच घालायचा होता. त्याच सुमारास आमच्या कॉलेजला स्वायत्तता मिळाली. म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल, सगळं आता आमचं आम्ही ठरवायचं. सत्कार झाले, पेढे वाटले गेले आणि मग लक्षात आलं की नियम कुणीतरी लिहायला हवेत. काम किचकट होतं आणि त्यात नाव मिळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते ओव्हाळ मॅडमकडे गेलं. निकालाचा प्रोग्रॅम लिहायला त्यांच्या हाताखाली मला दिलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"लिमये, सध्याच्या पद्धतीत चार विषय राहिलेल्या मुलाचं वर्ष जातं. वर्षभर तो काय करतो?"

"परत परीक्षेला बसतो."

"परीक्षा सहा दिवसांची. बाकीचे दिवस?"

मी सदाशिव पेठेत राहणारा. अशी मुलं मी रोज बघायचो. अमृततुल्य चहाच्या दुकानाच्या बाकड्यावर सकाळपासून बसलेली, घरी 'लायब्ररीत जातो' असं सांगून आलेली.

"ते ठाऊक नसेल तर नियम लिहिता येणार नाहीत," असं म्हणून त्यांनी कागद पुढे ओढला.

त्यांनी लिहिलेली पद्धत समजायला सोपी होती. प्रत्येक विषयाला आठवड्याच्या तासांप्रमाणे क्रेडिट. विषय पास झाला की ते क्रेडिट तुमच्या नावावर जमा, कायमचं. राहिला तर तेवढाच विषय पुन्हा घ्या, वर्ष जाणार नाही. एखाद्या सत्रात चारच विषय झेपत असतील तर चार घ्या. यंत्र शाखेच्या मुलाला संगणकाचा विषय हवा असेल तर त्यानं तिकडे जाऊन बसावं. निम्मे गुण वर्गातल्या चाचण्यांना आणि प्रयोगांना, निम्मे शेवटच्या परीक्षेला. आणि तपासलेली उत्तरपत्रिका प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवायची, प्रत्येक गुण का कापला ते लिहून.

या सगळ्यात एक होतं बावीस क्रमांकाचं कलम. कोणताही विद्यार्थी कोणत्याही सत्रानंतर एक अर्ज देऊन शिक्षण थांबवू शकेल. तो परत आला, तर जिथे थांबला तिथून पुढे जाईल; पदवी मात्र प्रवेशापासून आठ वर्षांच्या आत पूर्ण व्हायला हवी. शेवटचं वाक्य होतं: 'थांबण्याचे कारण विचारले जाणार नाही.'

विद्वत परिषदेच्या बैठकीत यंत्र विभागाचे प्रमुख परांजपे सर या कलमावर अडले. सर हुशार होते, शिकवायचे उत्तम, पण कॉलेज ही त्यांना स्वतःच्या घरासारखी वाटणारी जागा होती. तिथे कुणी केव्हाही यावं, हे त्यांना पटेना.

"हे काय, धर्मशाळा उघडायची आहे का आपल्याला?"

"धर्मशाळेत परीक्षा नसते, सर," मॅडम म्हणाल्या.

"आठ-आठ वर्षं रेंगाळलेला इंजिनियर कोण नोकरीला ठेवील? गुणवत्तेचा काही विचार?"

"आपल्या पीएचडीला किती वर्षं लागली?"

नऊ लागली होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. टेबलाभोवती कुणीतरी खोकलं. कलम मंजूर झालं. परांजपे सर मात्र ते विसरले नाहीत.

पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका दाखवायचे तीन दिवस मला चांगले आठवतात. व्हरांड्यात रांगा, आत शिक्षक चेहरे पाडून बसलेले. कितीतरी जणांना तो अपमान वाटत होता. दुसऱ्याच दिवशी एका मुलानं मॅडमची बेरीज चुकलेली दाखवली. पेन्सिलीचे सगळे सोपस्कार करूनही शेवटच्या पानावरचे सहा गुण मोजायचे राहिले होते. मॅडमनी गुण वाढवले आणि सूचना फलकावर स्वतःच्या अक्षरात कागद लावला: 'मशीन डिझाइनच्या एका उत्तरपत्रिकेत माझी बेरीज चुकली. सहा गुण वाढवले आहेत. चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचे आभार.' खाली सही.

परांजपे सर तरातरा आले. "गुण वाढवायचे तर वाढवा. फलकावर कशाला? आपली अब्रू जाते."

"चूक माझी आहे, सर. तुमची सापडली तर तुमच्यासाठी शेजारी जागा ठेवलीय."

त्या सत्रापासून आमच्याकडचे सगळे शिक्षक बेरजा दोनदा करायला लागले. मीही.

उत्तरपत्रिका दाखवण्याचा हा हट्ट कशासाठी, असं मी एकदा डबा खाताना विचारलं. त्यांनी घास संपवला आणि बातमी सांगावी तशा आवाजात सांगितलं. त्या स्वतः शिकत असताना एका तोंडी परीक्षेत तीन गुणांनी नापास झाल्या होत्या. सगळी उत्तरं बरोबर दिल्याची त्यांना खात्री होती. वडील खडकीला कारखान्यात फिटर. त्यांच्या वस्तीतून इंजिनियरिंगला गेलेली ही पहिली मुलगी. "परीक्षकांकडे गेले. म्हटलं, सर, काय चुकलं ते सांगा, म्हणजे सुधारता येईल. ते म्हणाले, तुमच्या लोकांना कारणं फार लागतात."

मी पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

"बरोबरच म्हणाले ते," मॅडम डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "लागतात. म्हणून नियमातच घातली."

कंपन्या मुलाखती घ्यायला येऊ लागल्या तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसांनी अर्जाचा नमुना आणला. त्यात 'शिक्षणात खंड पडला असल्यास कारण' असा रकाना होता आणि खंड असलेल्यांना वेगळं काढायचं होतं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा चालला होता. मॅडमनी नमुना वाचला आणि परत दिला.

"हा रकाना आमच्याकडून भरून मिळणार नाही."

त्यांच्यातला तरुण अधिकारी हसून म्हणाला, "मॅम, इट्स जस्ट अ प्रोसेस."

"मग काढून टाका. प्रोसेसच आहे ना."

कंपनी त्या वर्षी आली नाही. सगळ्यांनी खापर मॅडमवर फोडलं. काही मुलांच्या पालकांनी तर तोंडावर बोलून घेतलं. मॅडमनी प्रत्येकाचं उभं राहून ऐकून घेतलं, पण शब्द मागे घेतला नाही. दोन वर्षांनी माणसांची टंचाई झाली तेव्हा तीच कंपनी परत आली. नव्या नमुन्यात तो रकाना नव्हता. मॅडमना मी उत्साहानं सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "त्यांना माणसं हवी होती म्हणून काढला. आपण जिंकलो वगैरे समजू नका."

पण बाविसाव्या कलमाची खरी परीक्षा झाली ती शाहीन अत्तारमुळे.

शाहीन कसबा पेठेतली. वडिलांचं तिथल्या बोळात बाइंडिंगचं दुकान. आमच्या यंत्र शाखेत चार सत्रं तिनं चांगल्या गुणांनी केली आणि वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ शाळेत होता. तिनं बाविसाव्या कलमाखाली अर्ज दिला आणि दुकानात बसायला लागली. आमच्याच कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे रिपोर्ट बांधायला तिच्याकडे टाकायची. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. ती ते रिपोर्ट बांधायच्या आधी वाचायची, असं तिनं मला पुढे सांगितलं. कुणाच्या आकृतीला क्रमांक चुकला असेल तर गिऱ्हाइकाला दाखवायची. आधी तिच्या वर्गातली मुलं येत, मग तिच्या मागच्या वर्गातली, मग अनोळखी.

भाऊ हाताशी आला, वडील काठी घेऊन दुकानात बसू लागले, तेव्हा ती परत आली. प्रवेशापासूनचं सहावं वर्ष संपत आलं होतं. कार्यालयातल्या कारकुनानं सांगितलं, "ताई, तुमची जागा केव्हाच गेली." ती ओव्हाळ मॅडमना ओळखतही नव्हती फारशी. हातात नियमांची पुस्तिका घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे अजून चालू आहे का?"

"चालू नसतं तर छापलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "बसा."

परांजपे सर तोवर अधिष्ठाता झाले होते. त्यांनी विषय परिषदेत नेला. त्यांचं म्हणणं असं, की अभ्यासक्रम बदलला, संगणकावरचं ड्रॉइंग आलं, हिची जुनी क्रेडिट आता शिळी झाली. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शिवाय निकालाची प्रणालीही आपण बदलली. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत येत नाहीत, असं ऐकतो. हो ना, लिमये?"

येत होत्या. मीच आणल्या होत्या. पण अधिष्ठात्यांच्या हातात माझी बढती होती, आणि 'तपासावं लागेल' एवढं म्हटलं असतं तरी तो अर्ज सहा महिने पडून राहिला असता. मी टेबलाकडे बघत बसलो. किती वेळ, कोण जाणे.

"लिमये," मॅडम म्हणाल्या, "नोंद आहे की नाही?"

"आहे," मी म्हणालो. "चारही सत्रांची आहे."

शाहीनला प्रवेश मिळाला. बाहेर आल्यावर मला वाटलं, मॅडम दोन चांगले शब्द बोलतील. त्या जिना उतरता उतरता म्हणाल्या, "एवढं एका शब्दाचं उत्तर होतं. इतका वेळ का लागला तुम्हाला?" मी अजून त्याचं उत्तर शोधतो आहे.

गोष्ट इथे गोड झाली असती. पण पुढच्या वर्षी शाहीन नापास झाली, आणि तीही मॅडमच्याच विषयात. चाळीसला पास, हिला सदतीस.

कॉलेजभर कुजबूज झाली. ज्यांना तिला आत येऊ द्यायचं नव्हतं ते मजेत होते. मी मॅडमकडे गेलो. तीन गुणांचा प्रश्न होता. विषय वर्षातून एकदाच शिकवला जायचा, म्हणजे पुढची संधी आठव्या वर्षाच्या अगदी शेवटी. तेव्हा राहिली तर मुदत संपली, पदवी गेली. हे सगळं मी त्यांना सांगितलं, जणू त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी उत्तरपत्रिका उघडून माझ्यासमोर धरली. यंत्रातल्या फिरत्या दांड्याचं, शाफ्टचं गणित होतं. "शाफ्टचा व्यास काढलाय तो बघा. हा शाफ्ट तुटेल."

"मॅडम, परीक्षेतला शाफ्ट आहे."

"बाहेरचाही हीच काढणार आहे."

शाहीन उत्तरपत्रिका बघायला आली तेव्हा मी तिथेच होतो. पाऊण तास ती पान न पान बघत बसली. एका ठिकाणी तिनं बोट ठेवलं. मॅडमनी पुन्हा वाचलं आणि एक गुण वाढवला. अडतीस. मग ती उठली.

"तुम्ही माझ्यासाठी एवढ्या भांडलात, मॅडम. आणि आता तुम्हीच. लोक काय म्हणतायत ऐकलंत का?"

"ऐकलं."

"ते म्हणतायत, आम्ही सांगतच होतो."

"म्हणू दे. मी दोन गुण दिले असते तर तेच म्हणाले असते, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. आत येण्यासाठी मी भांडले, कारण तिथे तुमची काही चूक नव्हती. शाफ्ट तुम्ही चुकवलाय."

शाहीन निघून गेली. त्या दिवशी मला मॅडमचा राग आला होता, हे कबूल करतो. दारापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या आणि खुर्चीत बसल्या. पुढच्या तासाला त्या पाच मिनिटं उशिरा गेल्या. तसं आधी कधी झालं नव्हतं.

शनिवारी दुपारी मॅडम विषय राहिलेल्या मुलांसाठी वर्ग घ्यायच्या. कुणालाही बोलवायच्या नाहीत, फक्त दार उघडं असायचं. तीन शनिवार शाहीन आली नाही. चौथ्या शनिवारी आली, मागच्या बाकावर बसली आणि वर्षभर एकही चुकवला नाही. दोघी विषयाशिवाय बोलायच्या नाहीत.

आठव्या वर्षीची परीक्षा झाली आणि मॅडमनी एक काम केलं ज्याची कुणाला अपेक्षा नव्हती. सगळ्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांवरची नावं झाकली आणि गठ्ठा परांजपे सरांच्या टेबलावर ठेवला.

"या वर्षी आपण तपासाव्यात अशी विनंती आहे."

सर चकित झाले. "माझ्यावर भरवसा आहे तुमचा?"

"आपल्या तपासण्यावर आहे," मॅडम म्हणाल्या. "नेहमीच होता."

सरांनी आठवडा घेतला. नावं उघडली तेव्हा शाहीनला एकसष्ट होते. स्टाफरूममध्ये सर माझ्याशेजारी येऊन बसले, चष्मा पुसला आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "शाफ्ट बरोबर काढलाय पोरीनं." पुढे त्यांनीच तिला चाकणच्या एका कारखान्यातल्या डिझाइन विभागासाठी शिफारसपत्र दिलं. तिच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट तिनं स्वतः बांधला. वरची सोनेरी अक्षरं वडिलांनी डाव्या हातानं उठवली होती, थोडी तिरकी. ती प्रत अजून आमच्या लायब्ररीत आहे.

मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषणं चालू असताना त्या पाठ्यक्रमाचे कागद वाचत होत्या. त्या गेल्यावर वर्षभरात परिषदेनं बाविसाव्या कलमाला हात घातला. आठाची सहा वर्षं केली आणि 'सबळ कारण दिल्यास' असे शब्द घुसवले. मॅडमनी वारज्याहून पत्र पाठवलं. उत्तर आलं: नोंद घेतली आहे. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं, की नियमबदलावर हरकत घेण्याचा अधिकार फक्त शिक्षकांना आणि नोंदणीकृत विद्यार्थ्यांना आहे.

पंधरा दिवसांनी कार्यालयातून मला फोन आला. "सर, जरा खाली येता का? ओव्हाळ मॅडम आल्यात. प्रवेश मागतायत."

खिडकीपाशी त्या रांगेत उभ्या होत्या, पुढे दोन पोरं, मागे चार. कुठल्याही पदवीधराला एखादाच विषय घेता येतो, हे कलम त्यांनीच लिहिलं होतं. वयाची अट घालायची त्यांनाही सुचली नव्हती आणि नंतरच्यांनाही. त्यांनी माझा विषय घेतला होता, प्रोग्रॅमिंगचा पहिला.

नवे प्राचार्य समजावत होते. "मॅडम, या वयात कशाला हा त्रास? आम्ही तुमचं म्हणणं ऐकूच की."

"दोनदा लिहिलं, तुम्ही नोंद घेतलीत. आता विद्यार्थी म्हणून लिहीन."

ओळखपत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची हरकत दाखल झाली, आणि नियमाप्रमाणे ती बैठकीत वाचावीच लागली. सगळं काही परत मिळालं नाही. आठ वर्षं परत आली. 'सबळ कारण' मात्र तसंच राहिलं, आणि ते अजून आहे. मॅडम त्यावर दर महिन्याला एक अर्ज करायच्या, ते सत्र संपून त्या नागपूरला बहिणीकडे राहायला जाईपर्यंत. त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. भेट नाही झाली.

मला वाटलं होतं, हरकतीचं काम झालं की त्या वर्गात येणं सोडतील. त्या एकाही तासाला गैरहजर राहिल्या नाहीत. मी एकदा म्हणालो, "मॅडम, परीक्षा दिली नाहीत तरी चालेल." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी फळ्याकडे वळलो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या परीक्षेत. मीच पर्यवेक्षक होतो. खिडकीजवळच्या बाकावर, विशीतल्या पोरांच्या मधोमध, पांढऱ्या केसांचं एक डोकं कागदावर वाकलेलं. बरीचशी मुलं उत्तरपत्रिका देऊन निघून गेली होती. मॅडम प्रोग्रॅममधला एक लूप खोडून पुन्हा लिहीत होत्या, ओठ हलत होते. मला वाटलं, झालं असावं. मी जवळ गेलो आणि हात पुढे केला.

त्यांनी मान वर केली नाही.

"सर, अजून तीन मिनिटं आहेत."

मी हात मागे घेतला आणि खुर्चीवर जाऊन बसलो.